बाळाच्या हातात घास: बीएलडब्ल्यू करणारे, करून सोडलेले आणि करू बघणारे, या इकडे

रानजाई | ४ नोव्हेंबर

लेकीला सहा महिने पूर्ण झाले. उष्टावण थाटात झालं. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटीतली खीर खाल्ली, म्हणजे चाटली कमी आणि मामाच्या झब्ब्याला लावली जास्त. आता रोजचं काय, हा प्रश्न आहे.

माझ्या डोक्यात बीएलडब्ल्यू आहे, म्हणजे बेबी लेड वीनिंग. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळं मिक्सरमधून काढून चमच्याने भरवायचं नाही, मऊ शिजवलेले बोटाएवढे लांबट तुकडे बाळासमोर ठेवायचे. काय द्यायचं आणि कधी, ते आपण ठरवायचं. उचलायचं का, खायचं का आणि किती, ते बाळ ठरवणार. इंग्लंडच्या गिल रॅपली या हेल्थ व्हिजिटर बाईंनी हे नाव रूढ केलं. माझ्या मैत्रिणीने तिच्या मुलाला असंच वाढवलंय, तो दीड वर्षाचा असताना ताटातली कारल्याची भाजी स्वतः उचलून खाताना मी बघितलाय. तेव्हापासून मी या नादाला लागले.

आमच्याकडे साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) सोबत राहतात. जानेवारीत मी ऑफिसला रुजू होणार, तेव्हा दिवसाचं खाणं साबांच्याच हातात. त्यांचा एकच प्रश्न आहे, "घशात अडकलं तर?" आणि तो काही चुकीचा नाही. नवरा नेहमीप्रमाणे "डॉक्टरांना विचारू" पक्षात. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले मान छान धरते, थोड्या आधाराने बसते, हातातली वस्तू नेमकी तोंडात नेते, करा सुरू. फक्त लोहाकडे लक्ष द्या आणि खाताना एकटीला सोडू नका.

तर अनुभवी मंडळी, आपल्या रोजच्या स्वयंपाकातलं काय काय देता येतं? कापायचं कसं? इंटरनेटवर सगळीकडे ॲव्होकॅडो आणि ब्रोकोली. आमच्या भाजीवाल्याकडे दुधी, भोपळा आणि शेवगा.

गवतीचहा | ४ नोव्हेंबर

वाचतेय. माझा पाच महिन्यांचा आहे, आमच्या ताटाकडे बघून जिभल्या चाटतो.

मोठीआई | ४ नोव्हेंबर

रानजाई, मी तुमच्या साबांच्या बाजूने. दोन मुलं आणि तीन नातवंडं मऊ गुरगुट्या भातावर, मुगाच्या वरणावर आणि नाचणीच्या सत्त्वावर वाढवली. एकाच्याही तब्येतीत खोट नाही. दात नाहीत तर पोरगी चावणार कशाने? मांडीवर घ्यायचं, चिऊ-काऊ दाखवायचे, घास भरवायचा. यात वाईट काय आहे ते मला कोणी समजावून सांगा. भांडायला नाही विचारत, खरंच विचारतेय.

पांढरी_चप्पल | ४ नोव्हेंबर

मी बालरोग विभागात परिचारिका आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मोठीआई, वाईट काहीच नाही. तुमचा मऊ भात आणि वरण उत्तमच आहे. चिऊ-काऊचं म्हणाल तर एवढंच बघा, की पोट भरल्यावर बाळ तोंड फिरवतं, ते फिरवलेलं तोंड चिऊच्या नादात आपण पुन्हा समोर आणतो का. हल्ली चिऊची जागा मोबाइलने घेतलीय, तिथे तर बाळाला आपण काय गिळतोय याचा पत्ताच नसतो.

दातांचं: हिरड्या चांगल्याच टणक असतात. शिजलेलं रताळं त्यांनी सहज चिरडतं. विश्वास बसत नसेल तर स्वच्छ धुतलेलं बोट नातवंडाच्या तोंडात घालून बघा. चावण्याच्या दाढा यायला वर्ष उलटून जातं, तोवर कोणी मुलांना पातळावर ठेवत नाही.

आता साबांचा प्रश्न. दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. पहिली उबळ. बाळ "ऑक" करतं, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो, खोकतं, घास पुढे ढकलतं. यात आवाज असतो. लहान बाळात ही उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागावरूनच सुरू होते, त्यामुळे घास घशापासून लांब असतानाच बाहेर फेकला जातो. वय वाढतं तशी ती जागा मागे सरकते. उबळ आली की आपण हात पाठीमागे बांधून शांत बसायचं. घाबरून बोट घालायचं नाही. बोटाने तुकडा आणखी आत जातो, आणि खरा अपघात तिथे होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे घास श्वासनलिकेत अडकणं. यात आवाज जवळजवळ नसतो. खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर पडायला लागतात. अशा वेळी वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं धडापेक्षा खाली, जबड्याला आधार. दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ ठोके. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध हाडावर ५ वेळा दाब. पुन्हा ठोके, पुन्हा दाब. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ लावायचा. इतक्या लहान बाळाचं पोट दाबायचं नाही, पाय धरून उलटं तर अजिबात लटकवायचं नाही. बाळ निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून बघावं लागतं. रानजाई, तू, नवरा आणि साबा, तिघं मिळून प्रथमोपचाराचा एक वर्ग करून या. बाळाला वरण भरवा नाहीतर भोपळा द्या, हे घरातल्या प्रत्येकाला यायलाच हवं.

भोचक_भवानी | ४ नोव्हेंबर

माझी दोन आण्यांची भर: बाळ आठ महिन्यांचं झालं की त्याला पलंगाखालचा खडा, मेलेली मुंगी आणि चपलेचा बंद हे सगळं स्वतःच्या हाताने खाता येतं. तेव्हा कोणी त्याला बीएलडब्ल्यू म्हणत नाही.

दक्षिणवारा | ५ नोव्हेंबर

भवानीताई. :))

मी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला असते. या विषयावरचा एक चांगला अभ्यास आमच्याच गावात झालाय, ओटॅगो विद्यापीठात, ब्लिस नावाचा. दोनशेच्या वर कुटुंबं होती. निम्म्यांना नेहमीचा सल्ला, निम्म्यांना बीएलडब्ल्यूचा जरा सुधारलेला प्रकार शिकवला. सुधारणा तीन: गुदमरायचा धोका असलेले पदार्थ टाळायचे, प्रत्येक जेवणात लोह असलेलं एक तरी काही हवं आणि एक तरी भरपूर ऊर्जा देणारं हवं.

२०१६ साली घास अडकण्याबद्दलचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांत फरक नव्हता. हाताने खाणाऱ्या मुलांना सहाव्या महिन्यात उबळ जास्त वेळा आली, पण आठव्या महिन्यापर्यंत उलट, दुसऱ्या गटापेक्षा कमी. पण गुदमरणं अगदी शून्य होतं असंही नाही. साधारण ३५ टक्के बाळांचा सहा ते आठ महिन्यांच्या काळात एकदा तरी घास अडकला होता, आणि यात चमच्याने खाणारीही आली. शिवाय धोक्याचे पदार्थ दोन्ही गटांत बऱ्याच घरी दिले जात होते. म्हणून मला तरी वाटतं, खायच्या पद्धतीवर वाद घालण्यापेक्षा पदार्थाचा आकार आणि मऊपणा यावर डोकं लावावं.

आणखी एक. "हाताने खाणारी मुलं जाड होत नाहीत" असं जे फिरतं, ते या अभ्यासात दिसलं नाही. वजनात फरक नव्हता. खाण्याचे नखरे मात्र वर्षाच्या वयाला थोडे कमी होते.

आमच्याकडे पहिला पदार्थ रताळं. इथे त्याला कुमरा म्हणतात आणि माओरी लोकांचं ते जुनं पीक आहे, त्यामुळे आमची प्लंकेटची (इथली बाळांची काळजी घेणारी संस्था) नर्स आणि माझी फोनवरची आई यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मोठीआई | ५ नोव्हेंबर

पांढरी चप्पल, व्यवस्थित सांगितलंत, आवडलं. ते हातावर पालथं घेण्याचं मी सुनेकडून शिकून घेतेय. बाकी मत राखून आहे.

इंद्रायणी_भात | ५ नोव्हेंबर

बाप बोलतोय, कारण आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे. वेगळा स्वयंपाक अजिबात करायचा नाही, नाहीतर चार दिवसांत वैताग येतो. आपल्या कुकरमध्ये वरच्या डब्यात गाजराच्या, दुधीच्या, लाल भोपळ्याच्या लांब फोडी ठेवायच्या. खाली वरणभात होतो, वर बाळाचं जेवण होतं.

परीक्षा एकच: अंगठा आणि तर्जनीत फोड धरून हलकं दाबायचं. चपटी झाली तर द्यायची, टणक लागली तर पुन्हा कुकरमध्ये. सफरचंद कच्चं कधीच नाही, गाजर कच्चं कधीच नाही. कच्च्या सफरचंदाचा तुकडा हिरडीने तुटतो पण चिरडत नाही, तोच घात.

आकार आपल्या करंगळीपेक्षा जरा जाड आणि लांब. सहा महिन्यांचं बाळ मुठीने पकडतं आणि मूठ उघडून आतलं काढायची अक्कल त्याला अजून नसते. म्हणून मुठीच्या वर खायला काहीतरी उरलं पाहिजे. लोकांना वाटतं बारीक तुकडे सुरक्षित. या वयात उलटं आहे, बारीक गोल तुकडे सरळ मागे जातात. बोट आणि अंगठ्याच्या चिमटीत उचलायला लागलं, साधारण नवव्या महिन्याच्या आसपास, की मग वाटाण्यासारखं बारीक काही. तेही दाबून चपटं करून.

केळं निसटतं. अर्धं सोलायचं, खालची साल धुऊन मूठ म्हणून ठेवायची. किंवा सोललेल्या केळ्याच्या टोकात मधोमध बोट हळूच दाबायचं, ते आपोआप तीन उभ्या फाकांत सुटतं. मग त्या फाका बारीक भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवायच्या, हातात छान राहतात.

इडली द्या, पण ताजी आणि तुपाने किंवा वरणाने ओली केलेली. कोरडी इडली आणि मऊ पाव टाळूला चिकटतात. मुगाच्या डाळीचं धिरडं, पट्ट्या कापून. आमच्याकडे हिट. आमलेटच्या पट्ट्या. भाताचे छोटे मुटके वळून, वरणात बुडवून.

सुगरण_नाही | ५ नोव्हेंबर

"आमच्याकडे हे खातं माझ्याकडे आहे" वाचून नवऱ्याला हा धागा पाठवला. निळी टिक आली, उत्तर नाही.

रानजाई | १२ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. सुरुवात झाली.

पहिली फोड रताळ्याची. तिने उचलली, उलटी धरली, कपाळाला लावली, मग तोंडात. चेहरा असा केला की कोणी लिंबू पाजलंय. दुसऱ्या दिवशी भोपळा, आणि भोपळ्याबरोबर ती प्रसिद्ध उबळ. साबा खुर्चीवरून उठल्या, मी त्यांचा हात धरला. (पांढरी चप्पल, तुझं वाक्य मनात म्हणत होते, आवाज येतोय, आवाज येतोय.) लेकीने तुकडा थुंकला, बघितला आणि परत उचलून तोंडात घातला. त्यानंतर साबा जरा सैलावल्या. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं प्रथमोपचाराच्या वर्गाला जातोय.

काल बीट दिलं. आज लंगोट उघडल्यावर माझ्या तोंडून जो आवाज आला त्याने शेजारच्या काकू आल्या.

प्रश्न: पोटात जातंय किती? मला तर सगळं जमिनीवर दिसतंय.

पांढरी_चप्पल | १२ नोव्हेंबर

बिटाची शी लाल, पालकाची हिरवी, केळ्याची बारीक काळे दोरे असलेली. बीट खाल्लेलं नसताना लाल दिसलं तर मात्र दाखवायचं.

पोटात थोडंच जाणार आणि सध्या तेवढं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय दिवसाला २०० कॅलरींच्या आसपास लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. म्हणजे आता दोन-तीनदा बसवायचं, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. दूध पहिल्यासारखं चालू ठेवायचं. पोटभर दूध पिऊन लगेच ताटावर बसवलं तर खेळेल, कडकडून भूक लागल्यावर बसवलं तर रडेल. अधलीमधली वेळ धरायची.

भोचक_भवानी | १३ नोव्हेंबर

जमिनीवरच्या अन्नाचं काय करायचं हे कोणी बोलत नाहीये. आमच्या घरात शीत सांडलं तरी नमस्कार करून उचलायची पद्धत. आणि इथे भोपळ्याने भिंत सारवायची?

इंद्रायणी_भात | १३ नोव्हेंबर

भवानीताई, रास्त मुद्दा. एका वेळी दोनच फोडी ठेवायच्या, संपल्या की पुढच्या. ताट भरून दिलं तर ती दोन्ही हातांनी झाडून टाकतात, इतकं एकदम समोर आलं की त्यांना काही सुचत नाही. खाली जुनी सुती साडी धुऊन पसरायची, त्यावर पडलेलं उचलून परत देता येतं, आणि जेवण झाल्यावर साडी चारी टोकं धरून बाहेर झटकायची. महागडी खुर्ची, सिलिकॉनची ताटली, लांब बाह्यांचं प्लास्टिकचं लाळेरं, यातलं काही लागत नाही. थंडी नसेल तर नुसत्या लंगोटावर बसवा आणि जेवण झालं की सरळ मोरीत न्या.

खुर्ची घेणारच असाल तर पाय टेकायला पाट असलेली घ्या, पाय लोंबकळले की बाळ नीट बसत नाही. नसेल तर जमिनीवर आपल्या दोन पायांच्या मधे, पाठ आपल्या पोटाला टेकून, सरळ बसवायचं. रेलून किंवा आडवं ठेवून कधीच नाही.

अर्धीपोळी | १४ नोव्हेंबर

थोडा वेगळा सूर लावते. माझा मुलगा ३३ व्या आठवड्यात जन्मला. सहा महिने झाले म्हणून आम्ही उत्साहाने रताळं ठेवलं, त्याला बसताच येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, याचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजून बघा, आणि वजन मागे आहे, तेव्हा चमच्याने घट्ट खिचडी भरवा, तूप घाला, फोडी खेळायला द्या. मग आम्ही दोन्ही केलं. एका समूहात हे लिहिलं तर एकीने "मग ते बीएलडब्ल्यू नाहीच" असं ऐकवलं. नसेना का.

ज्यांचं बाळ लवकर जन्मलंय, वजन वाढत नाहीये किंवा गिळायला त्रास आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निव्वळ फोडींवर राहू नका.

दक्षिणवारा | १४ नोव्हेंबर

अर्धीपोळी, तुला हजार वेळा अनुमोदन. इथेही नर्स चमच्याला नाही म्हणत नाही. मी वरणभात घट्ट कालवून चमचा भरून तिच्या हातात देते, तोंडात ती नेते. दहीभात मुठीने. आपल्या जेवणातलं निम्मं कालवलेलंच असतं, ते सोडून नुसत्या फोडी देत बसलं तर बाळाला घरचं जेवण कळणार कधी?

लोहाचं मात्र मनावर घ्या. जन्मताना मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. रताळं, भोपळा, केळं, पपई हे सगळं गोड, मऊ, सोपं आणि लोहात जवळजवळ रिकामं. नवीन लोक नेमके इथेच थांबतात.

पांढरी_चप्पल | १४ नोव्हेंबर

अगदी हेच लिहायला आले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. म्हणून सरकारी कार्यक्रमात सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध आहे, आशाताईंकडे मिळतं. खासगी डॉक्टर वेगळे थेंब देतात. आपल्या बाळाचा डोस विचारून घ्या आणि बंद करू नका.

जेवणातून: अंडं, पिवळ्यासकट, नीट शिजवलेलं. मांसाहारी घरात मऊ शिजवलेलं चिकन, खिमा, त्याच्या लांबट वड्या. शाकाहारी घरात मूग, मसूर, हरभऱ्याच्या डाळीची मऊ धिरडी, उकडलेला राजमा सोलून चपटा केलेला, आणि वर लिंबू पिळलेलं, कारण डाळीतलं लोह 'क' जीवनसत्त्वाबरोबर जास्त शोषलं जातं. नाचणीला मोड आणून सत्त्व काढायची आज्यांची पद्धत चांगलीच आहे, मोड आल्याने लोह अडवणारे घटक कमी होतात. पण नाचणीची खरी श्रीमंती कॅल्शियमची, एकटी तिच्यावर लोहाचा भार टाकू नका.

चहात बुडवलेलं बिस्किट ही सगळ्यात वाईट जोडी. साखर येते आणि चहा लोह अडवतो. आजोबांना प्रेमाने सांगा.

मोठीआई | १५ नोव्हेंबर

चहा-बिस्किटाबद्दल आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. गप्प बसले.

बाळगुटीत मध चालतो का?

पांढरी_चप्पल | १५ नोव्हेंबर

नाही. वर्ष होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. मोठ्यांना काही होत नाही. घरचा मध, जंगलचा मध, सगळ्यांना हेच लागू. वर्षाच्या आत जेवणात वरून मीठ-साखरही नको. आपल्या भाजीत मीठ घालायच्या आधी बाळाची फोड बाजूला काढायची.

कोकणी_माणूस_घाटावर | १५ नोव्हेंबर

माशांचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी. पापलेट उत्तम, मधला काटा सरळ निघतो. तरी बोटांनी चुरून काटा शोधायचा, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. बांगडा चवीला राजा, पण बारीक काटे फार, ज्याला सवय आहे त्याच्याकडूनच साफ करून घ्या. मोरी, म्हणजे शार्क, आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, बाळाला मात्र नको. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. सुरमईचंही रोज नको. सुकी मासळी अर्थातच नाही, मीठच मीठ.

गवतीचहा | २ डिसेंबर

आमचेही सहा महिने झाले, सुरू केलं. शेंगदाण्याची भीती वाटते. आमच्याकडे कूट सगळ्यातच. किती उशिरा द्यायचं?

दक्षिणवारा | २ डिसेंबर

उशिरा नाही, लवकर! लंडनमध्ये लीप नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी न देणाऱ्यांपेक्षा ८० टक्क्यांच्या आसपास कमी निघाली. त्याची कल्पना सुचली इस्राएलवरून, तिथे बाळं शेंगदाण्याचा कुरकुरा खाऊ लहानपणापासून खातात आणि ॲलर्जी फारच कमी.

तेव्हा आपलं कूट कामाचं. अगदी बारीक, वस्त्रगाळ म्हणावं असं, दह्यात किंवा खिचडीत कालवून. पहिल्यांदा अगदी थोडं, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टर. तीव्र इसब असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी दिसली असेल तर विचारून मगच. अख्खा शेंगदाणा, काजू, बदाम मात्र पाच वर्षांपर्यंत नाही.

रानजाई | ९ जानेवारी

वर काढतेय, घाईचा प्रश्न आहे. पुढच्या रविवारी बोरन्हाण. साबांनी बोरं, हुरडा, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, तिळगूळ असं सगळं आणलंय, जावेने वर रंगीत गोळ्या. लेक आता समोर पडलेलं सगळं उचलते. काय करू?

पांढरी_चप्पल | ९ जानेवारी

आठ महिन्यांच्या बाळासाठी याहून धोकादायक यादी मला करता आली नसती. :) बोर म्हणजे आठोळीसकट गोल, हरभरा कडक, उसाचे धागे, गोळ्या घसरड्या.

भोचक_भवानी | ९ जानेवारी

डोक्यावरून ओतायचंच ना? मोठी गोल भाकरीची परात तिच्या मागे धरा, त्यात पडू दे. नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या तिच्या अंगावर, बाकीचं परातीत. भाचरं गोळा करायला टपलेलीच असतात. फोटो झाले की तिला लगेच उचला.

मोठीआई | १० जानेवारी

आमच्या नातवाचं असंच केलं होतं. चुरमुराही त्याच्या हाती लागू दिला नाही, आजोबांच्या मांडीवर काळ्या झबल्यात बसून हलव्याचे दागिने ओढत बसला. त्या हलव्यावरही लक्ष ठेव गं, दागिना तुटला की दाणे सुटतात.

रानजाई | १९ जानेवारी

परातीची युक्ती चालली. जावेला गोळ्या स्वतः खाव्या लागल्या.

मी आता ऑफिसला जाते. दुपारचं जेवण साबा भरवतात, वरणभात आणि चिऊ-काऊसकट, आणि मी त्यात पडत नाही. पण त्यांनी एक स्वतःहून सुरू केलंय: तोंड फिरवलं की वाटी बाजूला. संध्याकाळचं आमच्यासोबत, खाली साडीवर, स्वतःच्या हाताने. नवरा तिच्यासमोर बसून दुधीची भाजी खातो, लग्नानंतर पहिल्यांदा.

सुगरण_नाही | १९ जानेवारी

तो शेवटचा फायदा पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवा होता. सगळ्यांनी केलं असतं.

गवतीचहा | २१ एप्रिल

आंबे आले! बाठा देऊ का? माझी आजी म्हणते आम्ही सगळे बाठा चोखूनच मोठे झालो.

इंद्रायणी_भात | २१ एप्रिल

द्या. वरचा गर बराचसा काढून, थोडा ठेवून. बाठा तोंडात अख्खा जाण्याएवढा लहान नसावा, रायवळचा टाळा, हापूस किंवा पायरीचा चालेल. समोर बसून राहा आणि गराचे मोठे लपके सुटायला लागले की काढून घ्या. कपडे आंब्याच्या डागाची हौस असलेले घाला.

रानजाई | १४ मे

लेक वर्षाची झाली. आता गाईचं दूध सुरू करतोय. साबा म्हणतात, भरपूर पाजा, बाळसं धरेल. किती द्यावं?

पांढरी_चप्पल | १४ मे

वर्षानंतर प्यायला चालतं, पण दिवसाला ४००-५०० मिलीच्या वर नको. जास्त दूध प्यालेल्या मुलाला भूक लागत नाही आणि गाईच्या दुधात लोह नगण्य. आमच्याकडे रक्तक्षयाची जी गोरीगोमटी, गुबगुबीत मुलं येतात, त्यातली बरीच बाटलीवरची असतात. पेल्याने द्या, जेवणानंतर द्या, आणि लोहाचे थेंब चालू आहेत ना ते सांग.

रानजाई | १४ मे

चालू आहेत. साबांनी कॅलेंडरवर खुणा केल्यात, मंगळवार आणि शुक्रवार.